‘काही नाही’ : उदास रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्याचा इतिहास

मंडळी, पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचं नाव ‘नैराश्याचे रुग्ण आणि वैद्यकीय दृष्टिकोन’ असं छापलंय. नाव भारदस्त आहे, पण आम्हाला बोलायचंय ते दोन साध्या शब्दांबद्दल. आपल्या पाटोद्यात काय किंवा आष्टी-शिरूरला काय, दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसलं की हे शब्द कानावर पडतातच. आतून डॉक्टर म्हणतात, ‘‘काही नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. जेवत जा, जास्त विचार करत जाऊ नका.’’ बाई बाहेर येते. हातात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या असतात. सोबतचा माणूस विचारतो, काय म्हणले डॉक्टर? ती सांगते, काही नाही म्हणले. तिचं अंग ठणकायचं थांबलेलं नसतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नसतो, पोरांकडे बघूनसुद्धा मन रमत नसतं. पण आता त्यावर शिक्का बसलेला असतो की काही नाही.

हे ‘काही नाही’ कुठून आलं, कुणी शिकवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढंच आज बघायचं आहे. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे, तिनं कुणाचा ताप उतरत नाही. तेव्हा औषध आम्ही सांगणार नाही. पण ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांशी आम्ही चाळीस वर्षं झटापट केलेली आहे, त्या अधिकारात बोलतो.

आधी शब्दाचं बघू. ‘नैराश्य’ हा शब्द या आजाराला नीट बसत नाही. निराश तर निवडणुकीत पडलेला उमेदवारही असतो, तो महिन्याभरात पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो. वैद्यक ज्याला डिप्रेशन म्हणतं त्यात किमान दोन आठवडे, बहुतेक वेळ, मन खचलेलं असतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडते, आपण निकामी आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. आपल्याकडच्या बायका याला जीव लागंना, काळजात कालवतं, हातापायाची आग होते, डोकं भणभणतं असं म्हणतात. आम्ही आज ‘उदासी’ म्हणणार आहोत. हिंदीतल्यासारखं ‘अवसाद’ म्हटलं तर आपल्याकडे कुणाला कळायचं नाही.

आता ‘नाही’कडे वळू. आपल्या दर्शनांनी ‘नसणं’ या गोष्टीचा जितका विचार केलाय तितका क्वचितच कुणी केला असेल. वैशेषिक परंपरेत पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. कुमारिल भट्टांच्या मीमांसेनं आणि नंतर अद्वैत वेदान्तानं अनुपलब्धी, म्हणजे ‘न दिसणं’, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं. समोरच्या जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही. ठीक आहे. पण त्यांनी त्याला एक अट घातली आणि सगळी मौज त्या अटीत आहे. घागर तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोखात घागर दिसली नाही तर ती नाही असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि मुळातच डोळ्यांना न दिसणारी वस्तू दिसली नाही, तर उजेडातसुद्धा तो अधिकार नाही. जुने पंडित यासाठी पिशाचाचं उदाहरण देत. आम्ही एक्स-रेचं देतो. उदासी असती तर ती एक्स-रेत दिसली असती का? रक्तात सापडली असती का? नसती. मग एक्स-रे आणि रक्त साफ आहे यावरून ‘काही नाही’ कसं निघतं? तर्कदृष्ट्या हा निष्कर्ष कच्चा आहे. थायरॉइड, रक्तक्षय हे तपासावंच, कारण त्यांनीही माणूस असाच गळून जातो. पण ते साफ निघालं की तपास संपत नाही.

इथे कुणी म्हणेल, आपल्या वैद्यांना हे ठाऊक होतं. होतं, आणि अर्धवट होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक यादी आहे. कुठल्या बाबतीत कोणती गोष्ट सर्वांत श्रेष्ठ किंवा सर्वांत प्रबळ, याची ती लांबलचक यादी. तिच्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला मान विषादाला दिलेला आहे. वातूळ खाणं नाही, थंड वारा नाही, विषाद. ही दृष्टी फार मोलाची आहे. पण त्याच सूत्रस्थानात वैद्यानं कसं वागावं याचे चार प्रकार सांगितले आहेत : सगळ्यांशी मैत्री, आर्तांविषयी करुणा, जो बरा होऊ शकतो त्याच्याविषयी प्रीती आणि जो मरणाच्या दारात आहे त्याच्याविषयी उपेक्षा. उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे, अलिप्तपणा. तरी तिसऱ्या प्रकाराकडे नीट बघा. वैद्याची प्रीती साध्य रोग्यावर असते. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. मोडलेलं हाड सांधलं की डॉक्टरला आनंद होतो. पण जो रोगी दर पंधरवड्याला तेच गाऱ्हाणं घेऊन येतो, ज्याचं यंत्रात काही दिसत नाही आणि ज्याला दिलेलं काही लागू पडत नाही, त्याच्यावर प्रीती कुठून आणायची? करुणा आणि प्रीती यांच्या मधल्या फटीत उदास माणूस पडला. आमच्या मते पुढचा सगळा इतिहास या फटीचा आहे.

आपल्या भागात वैद्यांच्या बरोबरीनं हकीमही होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. ग्रीकांनी काळ्या पित्ताचा रोग म्हणून जे मेलँकोलिया म्हटलं, तेच अरबी-फारसीतून ‘मालीखोलिया’ होऊन हकिमांपर्यंत आलं. काळं पित्त कुणी पाहिलेलं नाही. पण हकीम निदान रोगाला नाव तरी द्यायचा. ‘काही नाही’ म्हणायची त्याच्यावर पाळी येत नव्हती, कारण त्याच्याकडे एक्स-रेच नव्हता.

आणि ज्यांना ‘जास्त विचार करू नका’ हा उपदेश प्राचीन वाटतो त्यांनी गीता उघडून बघावी. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अंग कापतंय, तोंडाला कोरड पडलीय, हातातलं धनुष्य गळतंय. सगळी शरीराची लक्षणं आहेत बरं का! त्यावर श्रीकृष्णाची पहिली प्रतिक्रिया काय? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत सरळ कानउघाडणी. हे दुबळेपण टाक आणि ऊठ, अशा अर्थाची. परिणाम शून्य. अर्जुन आणखी थोडं बोलतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. कानउघाडणीचा उपाय खुद्द भगवंताच्या हातून फसलेला आहे, मग ग्रामीण रुग्णालयात तो कसा लागू पडणार? त्यानंतर मात्र अर्जुनाचे प्रश्न घेत घेत अठराव्या अध्यायापर्यंत संवाद चाललेला आहे.

इंग्रजी राज्यात वेडाला भिंती आल्या. मुंबई इलाख्यात वेड्यांची इस्पितळं उभी राहिली. ठाण्याचं १९०१ सालचं. आजच्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार मोठी मनोरुग्णालयं आपण ऐकून आहोत. यात मराठवाडा कुठे आहे? निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय होतं आपल्या शेजारी, जालन्याला. ते १९५३ साली हैदराबादेत एर्रागड्ड्याला हलवलं. तीन वर्षांनी, १९५६ ला, मराठवाडा हैदराबादपासून तुटून मुंबई राज्यात आला. म्हणजे इस्पितळ तिकडे गेलं आणि माणसं इकडे आली. त्यानंतर कित्येक दशकं मराठवाड्याला स्वतःचं मोठं मनोरुग्णालय नव्हतं, आणि अलीकडे सरकारनं नवं मंजूर केलं तेही जालन्यालाच. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

पण या इस्पितळांनी उदास माणसाचं फारसं भलं केलं असतं असं समजू नका. तिथे जायचा तो दगड मारणारा, कपडे फाडणारा, रस्त्यात सापडलेला. कायदासुद्धा त्याच नजरेचा होता. चूलीपुढे मुकाट बसून राहणारी बाई कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला कुणी कुठे नेत नाही. डॉक्टरांच्या डोक्यात यातून एक नकाशा पक्का झाला : एका बाजूला वेडे, ते इस्पितळातले, दुसऱ्या बाजूला शहाणे, त्यांना ‘काही नाही’. मधली जागाच नाही. आजही ‘मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा’ म्हटलं की बाई उसळून विचारते, ‘‘मी काय येडी हाय का?’’ ती बिचारी तोच नकाशा वाचत असते.

त्याहून खोल गैरसमज होता तो विद्वानांचा. उदासी हा विचारी, सुशिक्षित, गोऱ्या माणसांचा आजार. काळ्या-सावळ्या खेडुतांना तो होत नाही, असं पाश्चात्त्य डॉक्टर गंभीरपणे लिहीत. केनियात काम केलेल्या कॅरोथर्स नावाच्या डॉक्टरनं १९५३ मध्ये आफ्रिकी मनाविषयी एक प्रबंध लिहिला. तिथे डिप्रेशन दुर्मीळ आहे हे त्याचं म्हणणं, आणि प्रबंध छापला जागतिक आरोग्य संघटनेनं. दुर्मीळ का दिसलं? कारण तो इस्पितळात शोधत होता. सात वर्षांनी मार्गारेट फील्ड या बाईंचं पुस्तक आलं. त्या आधी मानवशास्त्रज्ञ, मग डॉक्टर झालेल्या. त्यांनी घानाच्या खेड्यांत देवस्थानांच्या अंगणात बसून येणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. तिथे त्यांना उदास बायका मोठ्या संख्येनं भेटल्या. ‘मीच चेटकीण आहे, माझ्यामुळेच सगळ्यांचं वाईट झालं’ असं सांगणाऱ्या. म्हणजे रोग होताच, शोधणारा चुकीच्या दारात उभा होता. पुन्हा तेच, काळोखातली घागर. आपल्याकडे गहिनीनाथ गडावर किंवा एखाद्या दर्ग्यावर अमावस्येला कोण कोण येतं आणि काय मागतं, हे कुणी फील्डबाईंसारखं बसून ऐकलं असतं तर आपल्याला पन्नास वर्षं आधी बरंच कळलं असतं.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. तिच्यात आपल्या मुंबईचा एक धागा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे दाखवणारा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि आपली ही मुळी जगभर गेली. तिच्यातलं रेसरपिन घेणाऱ्या काही रोग्यांचं मन खचतं, असं पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं. उलट न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयाच्या नव्या औषधांनी मरायला टेकलेले रोगी चक्क नाचायला लागले. १९५७ ला स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिन हे औषध उदासीवर चालतं असं जाहीर केलं. खरं तर ते दुसऱ्याच मानसिक आजारासाठी तपासलं जात होतं. रेसरपिनविषयीच्या त्या निरीक्षणावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की या दहा वर्षांत उदासी चरकाच्या तिसऱ्या रकान्यात आली. ती ‘साध्य’ झाली. डॉक्टरला तिच्याविषयी प्रीती वाटण्याचा मार्ग मोकळा झाला.

तो मार्ग आपल्या तालुक्यापर्यंत का आला नाही? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालं ही मोठीच गोष्ट. पण ते इथून शंभरावर किलोमीटर, आणि प्रश्न अंतराचाच नाही. १९९७ च्या नियमांप्रमाणे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मानसोपचार विभागात पाळी होती दोन आठवड्यांची, आणि त्या विषयाची वेगळी परीक्षा नव्हती. आजार आहे असं म्हणायला दोन आठवडे लागतात, आणि तो शिकायलाही दोनच आठवडे! परीक्षेत नसलेला विषय विद्यार्थी कसा वाचतो हे आम्ही प्राध्यापकांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. अभ्यासक्रम आता बदलला, तरी आज खुर्चीत बसलेली बहुसंख्य मंडळी त्या आधीची. शिवाय खेड्यात प्रत्यक्ष भेटतात ते बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर. बाहेर साठ माणसं बसलेली, रोग्याची अपेक्षा सुईची किंवा सलाईनची. बाटली लावली की रोगीही समाधानी, डॉक्टरही मोकळा. यात कुणी दुष्ट नाही. पण कुणी काही विचारतही नाही.

आणि विचारण्यावरच सगळं अडलेलं आहे, हे आम्ही तत्त्वज्ञानातून नाही, आकड्यांतून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात १४ देशांतल्या १५ केंद्रांवर, त्यात आपलं बंगळूरही होतं, साध्या दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांचा अभ्यास केला. त्यावरचा एक निबंध १९९९ साली आला. उदासीचे ११४६ रोगी सापडले, त्यांतल्या ६९ टक्क्यांनी डॉक्टरकडे फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. अंग दुखतं, थकवा येतो, इत्यादी. पण मनाबद्दल थेट विचारल्यावर नाही म्हणणारे किती? फक्त ११ टक्के. बाकीच्यांनी विचारल्यावर सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. जिथे रोग्याचं एका ठरावीक डॉक्टरशी कायमचं नातं नव्हतं, तिथे फक्त शरीराचं सांगणारे रोगी जास्त होते. म्हणजे ‘खेडुताला मनाची भाषा येत नाही’ हे खरं नाही. तिला ती भाषा येते. अनोळखी माणसाजवळ ती काढत नाही, इतकंच. तुम्ही आम्ही तरी काढतो का?

हे ध्यानात ठेवा, आणि आता आपल्या ऊसतोडीच्या बाईकडे बघू. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत, पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर, कोपीत. पहाटे अंधारात फडात, डोक्यावर मोळी, गरोदरपणातसुद्धा. एक दिवस आजारी पडली तर खाडा. न्हाणीघर नाही, संडास नाही. या बाईचा ठरावीक डॉक्टर कोण? तिकडचा तिला ओळखत नाही, इकडचा तिला विसरलेला असतो. तिचा केसपेपर तिच्यासोबत प्रवास करत नाही. तेव्हा ती जे सांगता येतं तेच सांगते : कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, ताकद गळालीय.

या तक्रारीवर गोव्यात एक मोठा अभ्यास झालेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेच्या मंडळींनी साधारण अडीच हजार बायकांशी बोलून आणि त्यांची तपासणी करून प्रश्न विचारला, पांढरं जातं ही तक्रार कुणाची असते? २००५ च्या सुमारास निष्कर्ष छापले. जंतुसंसर्गापेक्षा या तक्रारीचा संबंध मनाच्या ताणाशी आणि उदासीशी अधिक घट्ट निघाला. आता लगेच ‘म्हणजे सगळं मनातलंच’ अशी उडी मारू नका. तोही ‘काही नाही’चाच सुधारलेला अवतार आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ चा निबंध आहे, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. रोग खरे असतात. दुःखही खरं असतं. एकाच अंगात दोन्ही राहतात, आणि दोन्ही विचारून, तपासूनच कळतात.

आपल्या जिल्ह्यात काय झालं ते २०१९ मध्ये देशभर छापून आलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभरचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. कारणं अनेक सांगितली गेली. खाड्याची भीती, कॅन्सरची घातलेली धास्ती, खाजगी दवाखान्यांचा धंदा, लवकर झालेली लग्नं. ती सगळी खरी आहेत. या तेरा हजार बायका उदासीच्या रोगी होत्या असं आम्ही मुळीच म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. आम्ही विचारतो ते एवढंच : कंबर दुखते, पांढरं जातं, ताकद नाही असं सांगत आलेल्या या बाईला त्या वाटेवर कुणी एकदा तरी विचारलं का, की बाई, तुला झोप लागते का? रडू येतं का? जगावंसं वाटतं का? एका टोकाला ‘काही नाही’ म्हणणारा डॉक्टर, दुसऱ्या टोकाला ‘पिशवी खराब झालीय, काढून टाकू’ म्हणणारा. वरवर उलट दिसतात. न विचारण्यात मात्र दोघांचं एकमत आहे. आणि पिशवी काढल्यावरही कंबर दुखतच राहिलेल्या बायका आपल्या गावोगाव आहेत, त्यांना आता तिसरा डॉक्टर सांगतो, काही नाही.

पुरुषाचं वेगळंच. तो दवाखान्यात येतच नाही. येतो तेव्हा पोटात फवारणीचं औषध गेलेलं असतं. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा हजाराच्या वर गेला आणि त्यात आपला बीड जिल्हा सगळ्यात पुढे होता. अशा रोग्याच्या बाबतीत डॉक्टरच्या हाताला कायद्यानंही बेडी घातलेली होती. दंड संहितेचं कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. मुंबईच्या एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा उभं केलं. मग काय व्हायचं? नातेवाईक सांगणार, चुकून पोटात गेलं, पाण्याची बाटली समजून प्यायला. डॉक्टर तेच लिहिणार, कारण पोलिसांच्या फेऱ्या कुणाला हव्यात? जीव वाचायचा, पण कारण कागदावर यायचं नाही. आणि जे कागदावर नाही त्याचा इलाज नाही. घरी पाठवताना पुन्हा तेच, आता काही नाही, घेऊन जा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू झाला आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं ठरलं. नव्या न्याय संहितेत, जुलै २०२४ पासून, ते जुनं कलम त्या रूपात उरलेलंच नाही. म्हणजे खरं ते लिहायला आता डॉक्टरला अडचण नाही. सवय मात्र कलमापेक्षा चिवट असते.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला, विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी, त्यात बीड आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, ज्याची अवस्था बरी दिसत नाही त्याला पुढे पाठवायचं, १०४ वर फोनची सोय. आम्हाला यातली कल्पना मनापासून पटते, कारण यात एकदाचं कुणीतरी विचारतंय. अडचण पुढच्या पायरीवर आहे. आशाताईंनी पाठवलेला माणूस ज्या टेबलासमोर जाऊन बसतो, तिथे त्याला पुन्हा ‘काही नाही’ ऐकू आलं, तर तो आशाताईंनाही परत दार उघडत नाही.

त्या टेबलाबद्दल गोव्यातलाच आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ‘मानस’ त्याचं नाव, निकाल २०१० मध्ये आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. निम्म्या ठिकाणी स्थानिक मुलींना साधारण दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं, निम्म्या ठिकाणी नाही. पण सगळीकडच्या डॉक्टरांना एक गोष्ट दिली : कोणता रोगी उदासीचा आहे, ते चाचणी घेऊन सांगितलं. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी आजार असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२. मोठा फरक. खाजगी दवाखान्यांत मात्र फरकच पडला नाही, समुपदेशक असो नसो, दोन्हीकडे ६५ च्या आसपास.

असं का, यावर बरीच चर्चा झालेली आहे. पैसेवाले रोगी, औषधं, अशी वेगवेगळी उत्तरं येतात. आम्हाला जे जाणवतं ते सांगतो. खाजगी दवाखान्यातला तो डॉक्टर बहुधा घरचा डॉक्टर. त्याला रोग्याचा बाप माहीत, पोरीचं लग्न माहीत, कुणाच्या घरात कोण पितो हेही माहीत. त्याला फक्त एवढं सांगावं लागलं की ही उदासी आहे, पुढचं त्याला जमलं. आणि सरकारी केंद्रात जिथे डॉक्टरला चेहरासुद्धा लक्षात ठेवायला सवड नाही, तिथे एका शिकवलेल्या मुलीनं ती ओळख भरून काढली. त्या १४ देशांच्या अभ्यासाशी हे जुळतं की नाही बघा.

समोरून एक चिठ्ठी आलेली आहे, ती वाचतो आणि थांबतो. ‘सर, मग डॉक्टरनं गोळी द्यावी की बोलत बसावं?’ बरोबर विचारलंत. गोळी केव्हा द्यायची हे डॉक्टर ठरवतील आणि ज्याला ती चालू आहे त्यानं आमचं व्याख्यान ऐकून बंद करू नये, हे आधी सांगतो. बोलण्याबद्दल २०१७ सालचा निकाल आहे, पुन्हा गोव्याचा. १० आरोग्य केंद्रांतले ४९५ रोगी, सगळे चांगलेच खचलेले. निम्म्यांना डॉक्टरच्या इलाजाच्या जोडीला सहा ते आठ भेटी दिल्या. भेटीत मोठं तत्त्वज्ञान नाही, सुटलेली कामं, सुटलेल्या ओळखी थोड्या थोड्या पुन्हा धरायच्या, अडचण एकेक करून सोडवायची. बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के सावरले, दुसऱ्या गटातले ३९. तेव्हा ‘की’ काढा आणि ‘आणि’ घाला. आपल्याकडची अडचण निराळी आहे. गोव्याच्या बाईला आठवी भेट त्याच केंद्रावर, नाहीतर घरी मिळते. आपल्या बाईची पहिली भेट दसऱ्याला झाली, तर चौथीपर्यंत ती कोपीत राहायला गेलेली असते. पुढच्या चार भेटी पाटोद्याच्या केंद्रानं करायच्या की कारखान्याच्या तळावरच्या, हे आजपर्यंत कुणी कुणाला विचारलेलं दिसत नाही.